'वेफाइंडिंग'ला मराठीत काय म्हणावं?

मोरपीस:
संगणकावर उभारलेल्या आभासी इमारतींत माणसं वाट शोधायला कशी शिकतात, यावरच्या लेखाचं भाषांतर करतेय. 'वेफाइंडिंग'ला 'मार्गदर्शन' लिहिलं तर दहावीनंतर काय करावं हे सांगणारी व्याख्यानं डोळ्यांपुढे येतात. 'दिशादर्शन' चालेल का?

खडूस:
दिशादर्शन पाटी करते. इथे काम चालणाऱ्याचं आहे. आणि कुणी 'मार्गक्रमण' सुचवायच्या आत सांगून टाकतो, वाट चुकलेला माणूसही मार्गक्रमण करतच असतो. सरळ 'वाट शोधणं' लिहा की.

जिना-चढउतार:
'वाट शोधणं' बरोबर, पण शिकण्याबद्दल लेख असेल तर तेवढ्यानं भागणार नाही. वाट पाठ होणं वेगळं आणि इमारतीची मांडणी ध्यानात येणं वेगळं. जिन्यापासून डावीकडे, मग तिसरं दार, हे पाठ असलेल्या माणसाला 'या भिंतीच्या पलीकडे काय आहे?' विचारा, गडबडतो.

थॉर्नडाइक आणि हेज-रॉथ यांनी १९८२ साली कॅलिफोर्नियातल्या रँड संस्थेच्या इमारतीवर हेच तपासलं. नुसता नकाशा अभ्यासलेल्यांना दोन ठिकाणांमधलं सरळ रेषेतलं अंतर चांगलं सांगता आलं. तिथे रोज वावरणारे मात्र प्रत्यक्ष चालायचं अंतर आणि 'ते ठिकाण कुठल्या बाजूला' हे दाखवण्यात सरस ठरले. पुढे १९९७ मध्ये रडल, पेन आणि जोन्स यांनी अशीच पाहणी पडद्यावरच्या इमारतींत केली. पुन्हा पुन्हा फिरल्यावर लोकांना वाटा जवळपास बिनचूक सापडू लागल्या, अंतराचे नि दिशेचे अंदाजही खऱ्या इमारतीतल्यांच्या तोडीचे झाले.

मोरपीस:
मग 'वाट पायाखालची होणे' वापरू? मस्त बसतंय.

खडूस:
पडद्यापुढे खुर्चीत बसलेल्याच्या पायाखाली फरशी असते हो, वाट नाही.

जिना-चढउतार:
खडूसराव थट्टा करतायत, पण नेमक्या जागी बोट ठेवलंय. १९९८ चा क्लॅट्झ्की आणि सहकाऱ्यांचा प्रयोग बघा. थोडं सरळ जायचं, वळायचं, पुन्हा सरळ जायचं, मग मूळ जागेकडे तोंड करायला किती वळावं लागेल ते वळून दाखवायचं. ज्यांना ते वळण आभासी दृश्यात नुसतं डोळ्यांनी दिसलं, अंग वळलं नाही, ते वळलोच नाही अशा हिशेबानं उत्तर देत होते. खरोखर अंग वळवलेल्यांचं उत्तर बरंच जमलं. म्हणून आभासी इमारतीसाठी 'पायाखालची' नको. 'वाट पाठ होणे' घ्या, पाठांतराला पाय लागत नाहीत.

मोरपीस:
पटलं. आणि 'लँडमार्क'? 'भूचिन्ह' लिहिलेलं वाचलंय कुठेतरी.

जिना-चढउतार:
इमारतीत कसलं आलंय भूचिन्ह! 'खूण' म्हणा, 'ओळखीची खूण' तर फारच छान. १९९७ च्याच अभ्यासात खुणा म्हणून काही ठिकाणी रंगीत अमूर्त नक्ष्या ठेवल्या होत्या, काही ठिकाणी रोजच्या पाहण्यातल्या वस्तू. दोन्हींचा उपयोग केला असं लोक सांगत होते, पण वाट शोधण्यात फरक पडला तो ओळखीच्या वस्तूंमुळेच. सगळ्या मजल्यांवर एकसारखी चौकोनी चित्रं टांगणाऱ्या हॉटेलवाल्यांनी हे वाचायला हवं.

खडूस:
आणि हरवण्याला 'दिग्भ्रम' लिहू नका, भाषांतराचा वास येतो. आमच्याकडे त्याला चकवा लागणं म्हणतात.

जिना-चढउतार:
चकव्यात माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो. एकदा डावं-उजवं चुकून भलत्याच खोलीत शिरला, त्याला चकवा नाही म्हणणार. तिथे नुसतं 'वाट चुकणं'. एकसारख्या कॉरिडॉरांत गरगरणाऱ्यांसाठी 'चकवा' जरूर ठेवा.

मोरपीस:
ठीक. शीर्षकात 'वाट शोधणं', मजकुरात 'वाट पाठ होणं' आणि 'मांडणी ध्यानात येणं', शिवाय 'ओळखीची खूण'. 'चकवा' संपादकांना विचारून घालते.