आधी बांधकाम, मागाहून पर्यावरण मंजुरी: चालू द्यावं का?

डोंगरवाट:
मोठ्या प्रकल्पाच्या कामाला हात लावण्याआधी पर्यावरण मंजुरी घ्यायची, असं केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाची २००६ ची अधिसूचना सांगते. तरी २०१७ ची अधिसूचना आणि २०२१ चा कार्यालयीन आदेश यांनी मंजुरीविना काम रेटणाऱ्यांना वाट करून दिली. मुंबईच्या ‘वनशक्ती’ या पर्यावरण संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयात १६ मे २०२५ ला न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी ती बंद केली. १८ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयानेच तो निकाल दोन विरुद्ध एक मतांनी मागे घेतला. नव्याने सुनावणी घ्यायचं ठरलं. मला हे घातक वाटतं.

सिव्हिलवाला:
कारणही सांगा की. सुमारे २० हजार कोटींचे सार्वजनिक प्रकल्प पाडावे लागले असते, त्यात ओडिशातलं एम्सचं ९६२ खाटांचं रुग्णालय. ते पाडून राडारोडा कुठे टाकणार? पुन्हा बांधायचं तर पुन्हा तेवढंच सिमेंट, तेवढीच वाळू. जबर दंड घ्या आणि पुढे चला.

डोंगरवाट:
जबर कुठला? २०२१ च्या आदेशात खर्चाच्या १ टक्का. प्रकल्प चालू झाला असेल तर वर उलाढालीच्या पाव टक्का. स्वतःहून कबूल केलं तर निम्माच. एवढे पैसे कुणीही अंदाजपत्रकात आधीच धरेल.

खाडीकाठ:
मला दंडापेक्षा मोजणीची काळजी आहे. प्रकल्पाआधी निदान एका हंगामाची हवा, पाणी, माती, आवाज मोजतात आणि पुढे किती बिघडेल याचा अंदाज त्यावरच बांधतात. डोंगर फोडून, ओढा बुजवून झाल्यावर मोजणार काय? खाणीच्या जनसुनावणीत ‘झऱ्यावरून रस्ता नेऊ नका’ असं गावकऱ्यांनी तेव्हा कुणाला सांगायचं? न्या. भुयान यांनी नोव्हेंबरच्या निकालातल्या भिन्नमतात सावधगिरीचं तत्त्व, म्हणजे नुकसान होण्याआधीच रोखणं, भरपाईच्या वर ठेवलं, ते मला पूर्ण पटतं.

हप्तेवाली:
२०,००० चौरस मीटरपासून पुढच्या बांधकामाला ही मंजुरी लागते. ती आहे का, हे फ्लॅट घेणाऱ्याला कोण सांगतं? इमारत पाडली तर कर्ज आमच्याच माथी.

डोंगरवाट:
ताई, तुमची भीती खरी आहे. पण मे महिन्याच्या निकालाने आधी दिलेल्या मंजुऱ्यांना धक्का लावला नव्हता. बाकीच्यांचं नुकसान बिल्डरकडून वसूल व्हावं, नदीकडून नव्हे.

सिव्हिलवाला:
आणि फायली अडून राहतात त्याचं काय? व्याज तर रोज चढतं.

खाडीकाठ:
पर्यावरणावरच्या परिणामांचा अंतिम अहवाल मिळाल्यापासून १०५ दिवसांत निर्णय, ही मुदत २००६ च्याच अधिसूचनेत आहे. ती पाळायला लावा, मी तुमच्यासोबत सही करीन. उशीर झाला म्हणून जेसीबी लावायला मात्र माझा विरोधच राहील.