बेवारस तरुण सापडला की तो आमिश, हे ठरवलं कुणी?

तिरकस_पगडी
काल एका महाशयांनी इथे छातीठोकपणे लिहिलं: अमेरिकेत अनोळखी तरुणाचा मृतदेह सापडला, वर्षानुवर्षं कुणी चौकशीला आलं नाही, खिशात ओळखपत्र नाही, दातांची नोंद नाही, की समजावं तो आमिश, म्हणजे वीज-मोटार टाळून बग्गीत फिरणाऱ्या, जुन्या रीतीने राहणाऱ्या ख्रिस्ती समाजातून पळालेला. "ते लोक पोलिसांत जातच नाहीत. गेला तो मेला." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. उत्तर लिहायला बसलो, फार लांबलं, म्हणून वेगळा धागा.

आधी बहिष्काराचं बघू, म्हणजे समाजाने माणसाशी संबंध तोडण्याचं. तो कुणावर पडतो? बाप्तिस्मा घेऊन, ऑर्डनुंग म्हणजे चर्चचे नियम पाळायचं वचन देऊन, ते मोडणाऱ्यावर. 17-18 वर्षांचा पोरगा रुमश्प्रिंगात, म्हणजे बाप्तिस्म्याआधीच्या मोकळीकीच्या काळात असतो, त्याचा बाप्तिस्मा अजून व्हायचा असतो. तो घर सोडून गेला तर आई रडेल, बाप चिडेल, पण पंगतीतून कुणी उठवणार नाही.

आणि या लोकांत लपतं काय? एका चर्चमागे पंचवीस-तीस-चाळीस घरं. ओहायोतल्या शुगरक्रीकहून 1890 पासून 'द बजेट' नावाचं साप्ताहिक निघतं, त्यात गावोगावची पत्रं छापतात. कुणाकडे रविवारची प्रार्थना झाली, कोण माळ्यावरून पडलं, कुणाकडे कुठले पाहुणे आले. तिथे धडधाकट पोरगा गायब झाल्याची बातमी येणार नाही?

2020 साली पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत 18 वर्षांची आमिश मुलगी चर्चहून घरी येताना नाहीशी झाली. घरचे पोलिसांत गेले, शोधात एफबीआयसुद्धा उतरली. म्हणे जातच नाहीत!

उलट उदाहरण घ्या. सप्टेंबर 2001, वॉशिंग्टन राज्यातलं अमांडा पार्क. एक तरुण 'लाइल स्टेविक' या खोट्या नावाने मोटेलात उतरला आणि तिथेच त्याने आयुष्य संपवलं. खोलीचे पैसे मात्र ठेवून गेला. सतरा वर्षं त्याला नाव नव्हतं. 2018 मध्ये डीएनएवरून ओळख पटली. कॅलिफोर्नियातल्या साध्या घरातला मुलगा. घरच्यांना वाटत होतं, जिवंत आहे, आपल्याशी संबंध नको म्हणून गप्प आहे. ना बग्गी, ना हॅट.

खवचट_खंडू
शीर्षक वाचून वाटलं, कुणीतरी आमिष दाखवून पळवलं. असो, चालू द्या.

लँकेस्टरकर_तात्पुरता
पगडीराव, वाचून लिहिणं वेगळं आणि शेजारी राहणं वेगळं. सहा वर्षं आहे इथे. मंडळाचे पाहुणे आले की त्यांना बग्ग्या दाखवायची ड्यूटी माझीच.

1965 च्या कायद्याने स्वतःचा धंदा करणाऱ्या आमिशांना सोशल सिक्युरिटीतून, म्हणजे सरकारी पेन्शन-विम्याच्या योजनेतून सूट आहे, कित्येकांकडे तो नंबरच नसतो. फोटो काढत नाहीत. शाळा आठवीपर्यंत, त्यावर 1972 मध्ये सुप्रीम कोर्टाचं शिक्कामोर्तब. आता असा पोरगा तीन राज्यं ओलांडून कुठे मेला, तर पोलीस जुळवणार काय? घरचे गेलेही पोलिसांत, तरी देणार काय? फोटो?

आमच्या मागच्या अंगणातलं डेक बांधायला आमिश टोळी आली होती. त्यात एक पोरगा, एकोणीसचा असेल, माझ्या फोनमध्ये डोकावून क्रिकेट बघायचा. दुसऱ्या वर्षी टोळी आली, हा नाही. विचारलं तर मुकादमाने नुसता हात हलवला. गेला. बस्स. मुकादमाचा तो चेहरा तुम्ही पाहिला नाहीत.

तिरकस_पगडी
एका हातवाऱ्यावरून एकोणीस वर्षांचा मुलगा मारलात. अभिनंदन.

दातवाली_ताई
दातांपुरतं सांगते. काही आमिश वस्त्यांत दात भरण्यापेक्षा काढून टाकण्याकडे कल असतो, विशीतच कवळी बसवलेले लोकही असतात. म्हणून तोंडात महागडं काम दिसलं तर तो आमिश नसावा, अशी शंका घ्यायला जागा आहे. पण उलटं खरं नाही. दाताची नोंद नाही म्हणजे आमिश, या हिशेबाने माझे निम्मे पेशंट आमिश ठरतील. "मॅडम, रूट कॅनाल नको, उपटूनच टाका, कटकट मिटेल." रोज ऐकते.

विदर्भ_एक्सप्रेस
काऊन बे सगळे अमेरिकेत फिरून राहिले? वाळीत टाकणं बघायले लँकेस्टरले जायची काय गरज? जातपंचायतीनं टाकलेली माणसं इथं आहेत ना. त्यांच्यासाठी कुणी धागा काढला?

तिरकस_पगडी
विषय तो नाही.

विदर्भ_एक्सप्रेस
विषय तोच हाय. बग्गीवाल्यानं केलं की 'संस्कृती', आपल्याकडं केलं की मागासलेपण. माझ्या आत्यानं जातीबाहेर लग्न केलं. आजी वारली तेव्हा तिले अंगणात उभं केलं, घरात घेतलं नाही. ती कुठं मेली असती तर ओळख पटवायले कोण गेलं असतं? मले सांगा.

लँकेस्टरकर_तात्पुरता
हेच तर मी म्हणतोय!

विदर्भ_एक्सप्रेस
तुम्ही नका घुसू. तुम्ही तिकीट काढून बग्ग्या दाखवता.

कायद्याचा_किडा
महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा आहे, जुलै 2017 पासून लागू. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. अमेरिकेत असा कायदा नाही, तिथे तो धर्मस्वातंत्र्याचा भाग मानतात. तेव्हा तुलना जपून करा.

विदर्भ_एक्सप्रेस
कायदा आत्याले दाखवू काय आता? 2004 लेच गेली ती.

सांगलीची_सून
भांडा तुम्ही. माझे चुलत सासरे 1987 मध्ये वडिलांशी भांडून मिरजेहून गाडीत बसले. घरात कुणी तक्रार दिली नाही. "रागावलाय, पैसे संपले की येईल." मग लाज वाटायला लागली, आता इतक्या वर्षांनी काय सांगायचं पोलिसांना? सासूबाई अजून दसऱ्याला त्यांच्या नावाचं पान वाढतात. आम्ही कुठे आमिश होतो?

लँकेस्टरकर_तात्पुरता
वाईट वाटलं वाचून. पण चेस्टरचं कुणीच का काढत नाही? नेब्रास्का, 1985, नाताळच्या आदल्या दिवशी रस्त्याकडेला निळ्या पायजम्यात लहान मुलगा सापडला. गावाने त्याचं नाव मॅथ्यू ठेवलं, वर्गणी काढून पुरलं. 1987 मध्ये रीडर्स डायजेस्टमधल्या लेखामुळे ओळख पटली. ओहायोतल्या आमिश घरातला निघाला. झालं समाधान?

तिरकस_पगडी
अर्धंच सांगताय. बाप आमिशपणा सोडून निघालेला होता आणि त्यानेच मुलाबद्दल नातेवाइकांना थापा मारल्या. आजी-आजोबांनी टाकला नव्हता हो त्याला. पण ठीक आहे, आमिश घरातला मुलगा बेनाव राहू शकतो, एवढं मान्य. 'राहू शकतो' आणि 'तोच असणार' यातलं अंतर तुम्ही बग्गीने कापा.

जनुक_मामा
डीएनए काढला की निम्मी चर्चा संपते. हा समाज अठराव्या शतकात आलेल्या थोड्याशा स्विस-जर्मन कुटुंबांपासून वाढलाय, आपसांतच लग्नं. त्यामुळे काही दुर्मिळ आनुवंशिक आजार तिथे जास्त. लँकेस्टर भागात 1989 पासून अशा मुलांसाठी खास दवाखानाच आहे. तेव्हा मुलगा त्या गोतावळ्यातला आहे का, ते चटकन दिसेल. कुणाचा, हे काढताना मात्र घाम फुटेल, कारण सगळेच सगळ्यांचे चार-चार बाजूंनी चुलत. वंशावळी त्यांनी उत्तम जपल्यात, तेवढाच आधार.

तिरकस_पगडी
म्हणजे तपासता येतं. मग न तपासता टोपी कशाला घालायची?

लँकेस्टरकर_तात्पुरता
शनिवारी बाजारात जातोय. मुकादमाच्या बायकोचा तिथे लोणच्यांचा ठेला आहे. विचारतो त्या पोराचं. मग बोलू.

खवचट_खंडू
बिटाचं आणा.

लँकेस्टरकर_तात्पुरता
विचारलं. तिचा भाचा निघाला. ओहायोत ट्रक चालवतो, लग्न झालंय, मुलगी आहे. नाताळात येऊन जेवून गेला. मुकादमाने हात हलवला कारण पोराने अर्धं काम टाकून पळ काढला होता, त्याचा राग. लगेच नाचू नका, एका पोरावरून काही सिद्ध होत नाही.

तिरकस_पगडी
परवा एका पोरावरूनच सिद्ध होत होतं.

विदर्भ_एक्सप्रेस
लोणचं झालं असेल तर माह्या आत्याचं बोला आता.