लेस्टरला साप येतोय: घरच्या ग्रुपवरची चर्चा

ताई (लेस्टर): शेवटी आम्ही हो म्हटलं. लेकासाठी कॉर्न स्नेक घेतोय. पूर्ण वाढलेला आहे, साधारण चार फुटांचा. आधीच्या लोकांना सांभाळणं जमत नाहीये. दुकानात नवी पेटी, हीटर वगैरे सगळ्याची किंमत ऐकली आणि परत आले. दादा, तू इतकी वर्षं पाळतोयस, कमी खर्चात कसं जमवायचं?

आत्या (शिराळा): अगं, घरात साप? पोराला चावला म्हणजे?

दादा (रेडिंग): आत्या, बिनविषारी आहे गं. मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, उंदीर खाऊन जगणारा. इथे ब्रिटनमध्ये त्याला परवाना लागत नाही. पण २००६ च्या प्राणी कल्याण कायद्याप्रमाणे पाळलेल्या जनावराची नीट सोय करणं मालकावर बंधनकारक आहे, म्हणून स्वस्त करायचं तरी विचार करून.

दादा (रेडिंग): ताई, सरकत्या काचांची जुनी लाकडी पेटी बघ. पोरं शिकायला बाहेरगावी गेली की लोक अशा पेट्या काढून टाकतात, निम्म्याहून कमी पैशांत मिळते. सापाला अंग पूर्ण लांब करता आलं पाहिजे, म्हणजे चार फूट लांबी हवीच. खोली आणि उंची दोन-दोन फूट.

ताई (लेस्टर): पुस्तकांचं जुनं कपाट पडलंय. ते आडवं करून काच बसवली तर?

दादा (रेडिंग): त्याची खोली जेमतेम फूटभर असते. एवढ्या सापाला ती कोंडी होईल, नको. जुनी पेटी आणलीस की आधी सांधे आणि कोपरे तपास, सापाच्या अंगावरचे बारीक किडे तिथेच लपतात. एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी, त्याने आतून पूस. मग साध्या पाण्याने दोनदा पुसून वास पूर्ण जाईपर्यंत उघडी ठेव. फटींना फिश टँकसाठी वापरतात ते सिलिकॉन भर. बाथरूमवालं आणू नकोस, त्यात बुरशीनाशक असतं.

दादा (रेडिंग): आणि थर्मोस्टॅट, म्हणजे हीटरचं तापमान आपोआप ताब्यात ठेवणारा, तो नवाच घे. त्यात पैसे वाचवायचे नाहीत, हे मी अगदी हट्टाने सांगतोय. पोटाखाली चटका बसत असला तरी साप वेळेवर बाजूला होत नाही, भाजून घेतो. थर्मोस्टॅटशिवाय लावलेल्या हीट मॅटमुळे (विजेवर तापणारी पातळ चटई) असे किती साप जखमी होतात. मॅट तळाच्या एका टोकाला, तिसरा भाग झाकेल एवढीच. थर्मोस्टॅटचा सेन्सर थेट मॅटवर. गरम टोकाला ३० अंशांच्या आसपास, थंड टोकाला २२ ते २४. कुठे बसायचं ते साप ठरवतो.

ताई (लेस्टर): बरं. आणि आत काय काय?

दादा (रेडिंग): त्याला फार खर्च नाही. लपायला दोन जागा, एक गरम टोकाला, एक थंड टोकाला. बुटाचा खोका कापून केलास तरी चालतो, घाण झाला की फेकायचा. पाण्याचं जड भांडं, उलटणार नाही असं. चढायला एक फांदी. कात टाकायच्या दिवसांत झाकणाच्या डब्याला भोक पाडून आत ओलं मॉस (शेवाळ) ठेव. खाली सुरुवातीला किचन रोल, म्हणजे किडे असले तर दिसतात. नंतर ॲस्पेन लाकडाचा भुसा. देवदार किंवा पाइनचा अजिबात नको, त्यातली तेलं सापाला घातक.

आत्या (शिराळा): खायला काय घालणार?

दादा (रेडिंग): गोठवलेले उंदीर मिळतात, ते पूर्ण वितळवून द्यायचे. मोठ्या सापाला दहा-चौदा दिवसांनी एक. खाल्ल्यावर दोन दिवस हातात घ्यायचं नाही, हे भाच्याला नीट समजाव.

छोटू (सांगली): दादा, आमच्या गोडाऊनमध्ये धामणीचं पिल्लू दिसलंय. मीपण अशी पेटी करू?

दादा (रेडिंग): नाही. भारतात देशी साप पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, बिनविषारी असला तरी. आणि रानातलं पिल्लू पेटीत बहुतेक खातच नाही, झुरून मरतं. त्रास होत असेल तर वन विभागाच्या १९२६ वर फोन कर.

आत्या (शिराळा): छोटू, आपल्या गावात नागपंचमीची जिवंत नागांची मिरवणूक हायकोर्टाने बंद केली, ती विसरलास का? राहू दे तिला गोडाऊनमध्ये. धान्याचे उंदीर तीच खाते.

छोटू (सांगली): बरं आत्या. हात नाही लावत.

ताई (लेस्टर): शनिवारी एक पेटी बघायला जातोय. अजून काही?

दादा (रेडिंग): दोन काचांमधली फट बघ, करंगळी शिरत असेल तर घेऊ नकोस. काचेचं कुलूप दोन-चार पौंडात मिळतं, पहिल्या दिवसापासून लाव. आणि साप आणायच्या आधी पेटी आठवडाभर रिकामीच चालव. दोन्ही टोकांचं तापमान सकाळ-संध्याकाळ मला पाठव.