मदत हवी आहे: मुलगा ऑनलाइन भेटलाय, पण त्याची चौकशी कोणाकडून करू?

गिरणाकाठची

लांबण लागणार आहे, आधीच माफी मागते.

वय २९. गाव भडगाव तालुक्यात, नोकरी जळगावला एका खासगी कंपनीत, अकाउंट्सला. आठवडाभर खोलीवर, शनिवारी संध्याकाळच्या एसटीने घरी. समाजाच्या सूचीत बायोडाटा तीन वर्षांपासून छापून येतोय. त्यातला फोटो पंचविशीतला आहे आणि आई तो बदलू देत नाही. आजवर बघण्याचे नऊ कार्यक्रम झाले. चार ठिकाणी पत्रिका आडवी आली, दोन ठिकाणी उंची, एका ठिकाणी मीच (नोकरी सोडावी लागेल म्हणाला, पगार माझा त्याच्यापेक्षा जास्त होता). उरलेल्या दोन घरांनी "कळवतो" म्हटलं, ते अजून कळवतच आहेत.

जानेवारीत खोलीवरच्या मैत्रिणीने फोनमध्ये एक डेटिंग अ‍ॅप टाकून दिलं. पुण्या-मुंबईकडच्या मुली म्हणतात, इतकी मुलं दिसतात की निवड करता येत नाही. आमच्याकडे तो प्रश्नच नाही. अंतर तीस किलोमीटर ठेवलं की जळगाव, नशिराबाद, भुसावळ, झालं. दीड दिवसात मुलं संपली. निम्म्यांनी चेहराच लावलेला नाही: बुलेटचा फोटो, महाराजांचा फोटो, मावळता सूर्य. चेहरा असलेल्यांत एक ऑफिसखालचा मेडिकलवाला (त्याची मुलगी सिनियर केजीत आहे), आणि एक माझा सख्खा मावसभाऊ.

मी त्याला पाहिलं म्हणजे त्यानेही मला पाहिलं असणार, या विचाराने मला आठवडाभर जेवण गेलं नाही. पुढे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आई आणि मावशी दोघी आजीकडे आल्या, आम्हीही गेलो. पुरुष मंडळी पत्त्यांना बसली होती, बायका मांडे करायच्या गडबडीत. हा मला निंबाखाली झोक्याजवळ गाठून म्हणतो, "तू बी तठे शे का?" (तूही तिथे आहेस का?) मी म्हटलं, हो. म्हणाला, "कोनले सांगू नको." मी म्हटलं, तूही नको. एवढंच बोलणं. त्यानंतर आम्ही एकमेकांशी फार अदबीने वागतो.

मग पैसे भरून ठिकाण पुणे करून घेतलं. मे महिन्यात एक जण भेटला. मूळ शहाद्याकडचा, चाकणला कंपनीत, वय ३३. पहिल्या फोनवर दोघंही पुस्तकातल्यासारखं मराठी बोलत होतो. मध्येच तो मागच्या कोणाला तरी अहिराणीत ओरडला आणि मला हसू फुटलं. तिथून जे सुरू झालं ते रोज रात्री दीड-दीड तास. खरं सांगते, घात भाषेने केला. बारा वर्षं पुण्यात राहून ज्याची अहिराणी सुटली नाही तो माणूस खोटा कसा असेल, असं डोक्यात बसलं. जणू खोटं फक्त प्रमाण मराठीतच बोलता येतं!

व्हिडिओवर दिसतो, फोटोतलाच आहे. पैसे कधी मागितले नाहीत. शेत, आई, दोंडाईचाला दिलेली बहीण, सगळं सांगतो. पण मागचं विचारलं की "एक साखरपुडा मोडला होता" एवढ्यावर गाडी थांबते. गावाचं नाव सांगतो, गल्ली सांगत नाही. दोनदा भेटायचं ठरलं, दोनदा त्याच्याकडून रद्द. जात वेगळी आहे, ते मला पहिल्या आठवड्यातच माहीत होतं.

आता खरी अडचण. घरी स्थळ आलं की मामा एक फोन करतो. त्या गावात कोणाची तरी लेक, कोणाची तरी सून असतेच. संध्याकाळपर्यंत मुलगा पितो का, सोसायटीचं कर्ज किती, आधीची सोयरीक का मोडली, सगळं आमच्या ओट्यावर येऊन पडतं. शहाद्यात तर मामाचे साडूच राहतात. पण तो फोन मी करायला सांगितला तर उत्तर यायच्या आधी मीच बातमी होणार. म्हणजे नऊ अनोळखी मुलांची चौकशी गावाने फुकटात केली आणि जो मी स्वतः निवडला त्याची करायला माणूस नाही.

कानबाईला (श्रावणातला आमचा खानदेशी सण) सगळं भाऊबंद जमेल आणि तिच्या पुढच्या रविवारी दहावा कार्यक्रम ठरलाय. त्याच्या आत मला कळायला हवं. कशी करू चौकशी? आणि भेटायचं तर कुठे? मेहरूण तलावावर भेटले तर आम्ही उठायच्या आधी फोटो भडगावला पोचेल.

निवृत्त_तलाठी

पोरी, पत्रिकेपेक्षा सातबारा बरा, तो खोटं कमी बोलतो. महाभूलेखच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून नुसत्या नावावरूनही शोधता येतं. शेत सांगतोय ना, बघून घे. इतर हक्कात बँकेचा, सोसायटीचा बोजाही दिसेल. अठ्ठावीस एकर बागायत सांगणाऱ्यांचे सामाईक खात्यातले तीस आर (पाऊण एकरही नाही) मी स्वतः डोळ्यांनी पाहिले आहेत.

शेत नाही निघालं तर चौकशी थांबव असं नाही म्हणत हो. सांगितलं एक आणि निघालं दुसरं, तर थांबव.

धुळेकर_पुण्यात

ताई, मी याच वाटेने गेले आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. दोनदा रद्द झालं आणि मागचं विचारलं की गप्प, म्हणजे लग्न झालेलं आहे किंवा झालं होतं. माझ्या बाबतीत "झालेलं आहे" निघालं होतं.

त्याला सांगा, बहिणीशी बोलायचंय. आईशी नको, आई घाबरते आणि गोड बोलते. बहीण खरं सांगते, निदान तिचा अडखळलेला आवाज तरी ऐकू येतो. नाही म्हणाला तर तेही उत्तरच.

भेटायचं तर नाशिकला भेटा. दोघांनाही अर्ध्या रस्त्यात पडतं आणि तिथे तुम्हाला कोणी ओळखत नाही. दिवसा, माणसांच्या ठिकाणी. परतीचं तिकीट आधी काढून ठेवा आणि ते तुमच्याच पैशाने. मैत्रिणीला लोकेशन चालू करून द्या. त्याच्या गाडीत बसायचं नाही, कितीही चांगला वाटला तरी. तोवर तसले फोटो पाठवायचे नाहीत, हे सांगायला नको, पण सांगतेच. कधी पैसे गेले किंवा कोणी धमकी दिली तर सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर, १९३० वर, लगेच फोन. लाजेत दोन दिवस घालवले की पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत जातात आणि अडवणं अवघड होतं.

केळीवाला

रावेरहून लिहितोय. वय ३४, बी. एस्सी. अ‍ॅग्री, घरची केळी. मीही त्या अ‍ॅपवर आहे. व्यवसायात "शेती" लिहिलं की शांतता. गंमत म्हणून एका महिन्यासाठी "कृषी व्यवस्थापन" लिहिलं तर तिघींनी उत्तर दिलं. खरं सांगितल्यावर दोघी गेल्या. तिसरी अजून कधीमधी केळीचा भाव विचारते.

मुद्द्यावर येतो. गावाची चौकशी भारी असते असं समजू नका. आमच्या भावकीत एकाची सोयरीक जमेना म्हणून मध्यस्थामार्फत परजिल्ह्यातली मुलगी आणली. काका, मामा, दोन प्रतिष्ठित, असे चौघे जाऊन घर बघून आले होते, चहा-पोहे खाऊन. मध्यस्थाला पैसे मोजले, मुलीच्या अंगावर दागिने घातले. नवव्या दिवशी पहाटे नवरी गेली, दागिने गेले, आणि ते "घर" भाड्याचं निघालं. पोलिसांत जायलाही कोणी तयार होईना, अब्रू जाईल म्हणून. तेव्हा मामाच्या एका फोनवर फार विसंबू नका.

निवृत्त_तलाठी

केळीवाले भाऊ, चौघांनी घर बघितलं, पण शेजारी कोणाला विचारलं का? चौकशी शेजाऱ्याकडे करायची असते. ज्याच्याकडे पोहे खाल्ले त्याच्याकडे कसली चौकशी!

कोर्टकचेरी

वकील आहे, नावगाव सांगत नाही. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, न्यायालय निवडून पक्षकाराच्या नावावरून प्रकरण शोधता येतं, वर्ष टाकावं लागतं. नंदुरबार जिल्ह्यात त्याच्या नावाने बघा, पुण्यातही बघा. इंग्रजीत आडनावाची स्पेलिंगं दोन-तीन तऱ्हेने टाकून पाहा. आणि सारख्या नावाची माणसं खूप असतात, वडिलांचं नाव जुळल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

गिरणाकाठची

सगळ्यांचे आभार. तलाठी काका, सातबारा निघाला. सांगितलं तेवढंच आहे, गुंठाभरही जास्त नाही, पीक कर्जाचा बोजा आहे. तो त्याने आधीच सांगितला होता. मला उगीच हायसं वाटलं.

मग ई-कोर्ट्स उघडलं. तिसऱ्या स्पेलिंगला नाव आलं. वडिलांच्या नावासकट. विवाह याचिका, पुढची तारीख दिलेली.

रात्री त्याला फक्त प्रकरणाचा क्रमांक पाठवला, बाकी एक अक्षर नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उत्तर नव्हतं. मग फोन आला. लग्न झालं होतं, आठ महिने टिकलं, दोन वर्षांपासून वेगळे आहेत, आपसी संमतीने अर्ज केलाय, शेवटची तारीख राहिलीय. "सांगनार व्हतू, पन तू निंघी जाशी अशी भीती वाटे." मी त्याच्यावर ओरडले नाही याचंच मला आश्चर्य वाटतंय. घटस्फोटित आहे याचा मला राग नाही. नऊ कार्यक्रमांत मला नाकारणाऱ्यांचं काय काय होतं ते मी पाहिलंय. राग चार महिन्यांचा आहे. रोज दीड तास आणि हे एक वाक्य सापडलं नाही?

वकील साहेब, तो म्हणतो ते कायद्यात बसतं का? आणि आठ महिन्यांत का मोडलं, हे तो सांगतो तेच खरं कशावरून?

कोर्टकचेरी

पहिल्याचं उत्तर देऊ शकतो. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम १३-ब: किमान एक वर्ष वेगळं राहिल्यावर दोघांचा एकत्र अर्ज, मग सहा महिने थांबून दुसरा टप्पा. हे सहा महिने परिस्थिती पाहून माफ करता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आहे. म्हणजे त्याचं म्हणणं बसतं. मात्र घटस्फोटाचा हुकूमनामा होईपर्यंत तो विवाहित आहे आणि शेवटच्या तारखेलाही एक बाजू संमती मागे घेऊ शकते. तोवर केलेलं लग्न कायद्याने रद्दबातल. साखरपुडाही नको. हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत बघा, मोबाइलवरचा फोटो नव्हे.

पुढे जमलंच तर आणखी एक. दोघं हिंदू असाल तर आंतरजातीय असलं तरी याच कायद्याने लग्न लागतं, आधी नोटीस लागत नाही. १९५४च्या विशेष विवाह कायद्याने गेलात तर तीस दिवसांची नोटीस कार्यालयात लावली जाते. तुमच्याकडे ती कोण वाचेल, हे तुम्हीच जाणता.

धुळेकर_पुण्यात

दुसऱ्याचं उत्तर तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये आहे. मावसभाऊ! त्याला तुमचं माहीत आहे आणि तुम्हाला त्याचं. या जगात तुमची बातमी फोडणं ज्याला परवडणार नाही असा तो एकच माणूस आहे.

केळीवाला

हाहा, हे भारी. त्याला पेट्रोलचे पैसे द्या.

गिरणाकाठची

बहिणीशी बोलले. ती फोनवर आधी रडली, मग म्हणाली, तुला सांगायला त्याला मीच सांगत होते. ताई, अडखळली नाही.

आणि मावसभाऊ त्याच्या गावी जाऊन आला. पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत. त्याबदल्यात मावसभावाच्या बाजूने मावशीकडे एक गोष्ट मी बोलायची, असं ठरलंय. (ती मुलगी पाचोऱ्याची आहे. तोही एक धागा होईल.) म्हैस घ्यायचीय असं सांगून शेजारच्या गोठ्यावर तासभर बसला, मग या मुलाच्या घरीही म्हैस बघायला गेला, मुलाच्या आईच्या हातचा चहा पिऊन आला. शहादा स्टँडवरून फोन केला: "घर शे, माय शे, म्हैस बी शे. पोऱ्या वाईट नही, पन भित्रा शे." शेजारी म्हणाले, सुनेचं लग्न तिच्या मनाविरुद्ध लावलेलं होतं, भांडणतंटा काही नव्हता, मुलीचा भाऊ येऊन घेऊन गेला, भांडीसुद्धा मोजून परत दिली.

म्हशीचा भाव बरा आहे, असंही म्हणाला. तो खरंच घेईल असं वाटतंय.

नाशिकला जायचं मी पुढे ढकललंय. त्याला सांगितलं, तारीख होऊ दे, प्रमाणित प्रत घेऊन तूच जळगावला ये. मेहरूण तलावावरच भेटू. "भडगावपर्यंत बातमी जाईल," म्हणाला. मी म्हटलं, तोवर आईला मीच सांगितलेलं असेल, तुझं तू बघ. बराच वेळ गप्प होता, मग "येस" म्हणाला. अहिराणीतलं येस, म्हणजे येतो.

रविवारचा कार्यक्रम मात्र होणार. मामाने शब्द दिलाय, पाहुणे चोपड्याहून निघणार आहेत आणि आई कालपासून शेव तळतेय. आईला शनिवारी रात्री सांगेन म्हणते. प्रत आली की धागा वर काढते.