पहिल्या आवृत्त्या जमवणं: पुस्तकप्रेम की साठेबाजी?

एडिसनकर (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात चुलतभाऊ घरी आला होता. कपाटात पारदर्शक वेष्टनं घातलेली पुस्तकं बघून म्हणाला, "वाचायची नाहीत तर घेतोस कशाला? सोनं आहे का ते?" त्याला चहा पाजून वाटेला लावलं, पण उत्तर डोक्यात घोळत राहिलं. ते इथे मांडतो.

पहिल्या आवृत्त्यांमागे धावणारी आमच्यासारखी खुळी माणसं नसती, तर अमेरिकेतली काही उत्तम लहान प्रकाशनं जन्मालाच आली नसती. ब्लॅक स्पॅरो प्रेसचंच घ्या. जॉन मार्टिन हा लॉस एंजेलिसमध्ये ऑफिसच्या सामानाच्या एका कंपनीत मॅनेजर होता. डी. एच. लॉरेन्सच्या पहिल्या आवृत्त्या त्यानं हौसेनं जमवल्या होत्या. तो सगळा संग्रह कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेला ५०,००० डॉलरना विकून त्यानं प्रकाशनाचा संसार मांडला. १९६६ साली सुरुवात केली ती चार्ल्स बुकोव्स्कीच्या सुट्या कागदावर छापलेल्या कवितांनी. मग त्याला म्हणाला, पोस्टातली नोकरी सोड, आयुष्यभर महिन्याला १०० डॉलर देतो. बुकोव्स्की तेव्हा पन्नाशीला टेकलेला. त्यानं नोकरी सोडली आणि साधारण तीन आठवड्यांत पहिली कादंबरी लिहून हातात ठेवली. तीच १९७१ची 'पोस्ट ऑफिस'.

हे शंभर डॉलर येणार कुठून? तर बहुतेक प्रती कागदी बांधणीच्या, स्वस्त. थोड्या पुठ्ठा बांधणीच्या, क्रमांक घातलेल्या, लेखकाच्या सहीच्या. त्याहून थोड्या प्रतींत बुकोव्स्कीनं स्वतः रंगवलेलं चित्र. ह्या महागड्या प्रती संग्राहक घ्यायचे. माझ्याकडच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर कुठल्या बांधणीच्या किती प्रती काढल्या ते चक्क छापलंय, आणि खाली रचना बार्बरा मार्टिनची, म्हणजे त्याच्या बायकोची. घरचाच कारभार. एवढा उघडा हिशोब कोण छापतं हो?

तिरकस

गोष्ट छान आहे, पण त्यात तुम्ही कुठे बसता? मार्टिनकडून नवी प्रत घेणाऱ्यानं बुकोव्स्कीचं भाडं भरलं, मान्य. तुम्ही ती तीसचाळीस वर्षांनी दलालाकडून घेतली. त्यातला एक सेंट तरी लेखकाला गेला का? प्रकाशनाला? जुनी गाडी विकली की कारखान्याला काय मिळतं?

आणि शेवटही सांगा की. २००२ साली मार्टिननं दुकान आवरलं. बुकोव्स्की, जॉन फँटे आणि पॉल बोल्स ह्या खपणाऱ्या तिघांचे हक्क हार्परकॉलिन्सच्या एको ह्या शाखेला विकले. उरलेलं सगळं, गोदामातल्या पुस्तकांसकट, डेव्हिड गोडाइन ह्या बोस्टनच्या लहान प्रकाशकाला एका डॉलरला दिलं. एका डॉलरला! तुमच्या कपाटातल्या एका प्रतीच्या पैशात अशी किती गोदामं आली असती ते जरा मोजून बघा.

बे एरियातली माहेरवाशीण

तिरकस +१. सॅन फ्रान्सिस्कोतल्या सिटी लाइट्स ह्या पुस्तकांच्या दुकानात मी दर दोन-तीन महिन्यांनी जाते, लाकडी जिना चढून वर कवितेच्या खोलीत बसते, कोणी उठवत नाही. कवी लॉरेन्स फर्लिंगेटीचं हे दुकान १९५३चं, तेव्हा फक्त कागदी बांधणीची पुस्तकं विकणारं. दुकानाच्याच नावानं त्यानं प्रकाशनही चालवलं आणि गिन्सबर्गचं 'हाउल' हे कवितांचं पुस्तक १९५६ साली काढलं. खिशात मावेल असं पुस्तक, किंमत ७५ सेंट, पहिल्या खेपेला हजार प्रती. छपाई इंग्लंडात, म्हणून १९५७च्या मार्चमध्ये कस्टम्सला पुढच्या खेपेच्या ५२० प्रती अडवता आल्या. पुढे अश्लीलतेचा खटला झाला आणि ऑक्टोबरमध्ये न्यायाधीश हॉर्न यांनी फर्लिंगेटीला निर्दोष सोडलं. ना सहीची प्रत, ना क्रमांक. हे प्रकाशन अजून चालू आहे आणि 'हाउल' अजून तिथे मिळतं. मार्टिननं मात्र आपलं दुकान आवरलं. आता संग्राहकांनी कोणाला जगवलं?

निवृत्त ग्रंथपाल

दोन्ही बाजू पैशावरच घसरल्या. पहिल्या छपाईला पुरावा म्हणूनही किंमत असते. फिट्झजेराल्डच्या 'द ग्रेट गॅट्सबी' ह्या कादंबरीची १९२५ची पहिली खेप २०,८७० प्रतींची. तिच्या २०५व्या पानावर 'सिक इन टायर्ड' असं छापून गेलंय, हवं होतं 'सिकनटायर्ड', म्हणजे 'सिक अँड टायर्ड' एकाच दमात म्हटलेलं. लेखकाच्या मनात काय होतं आणि छापखान्यानं काय केलं, हे अशा प्रती शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. त्या जपल्या संग्राहकांनीच. आम्ही ग्रंथालयवाल्यांनी तर पुस्तकांवरची कागदी जॅकेटं काढून फेकली, वर शिक्के मारले. आता त्याच जॅकेटासाठी लोक पुस्तकाच्या कैक पट पैसे मोजतात. गॅट्सबीच्या जॅकेटाच्या मागच्या मजकुरात नायकाच्या नावातलं 'जे' कॅपिटलऐवजी लहान पडलं होतं, ते हातानं दुरुस्त केलेलं दिसतं.

हेमिंग्वेचं पॅरिसमधलं १९२४चं छोटं पुस्तक बघा. थ्री माउंटन्स प्रेसच्या बिल बर्डनं ३०० प्रती काढायला घेतल्या. सुरुवातीच्या चित्राची शाई पानाच्या पाठीवर उमटली आणि धड अशा १७०च हाती लागल्या. ती टंचाई कोणी ठरवून केली नव्हती. मार्टिनची मात्र ठरवून केलेली होती. हा फरक एडिसनकरांनी लक्षात घ्यावा.

कोथरूडचा भाडेकरू

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

हडसनपार

माझा अनुभव. एका विक्रेत्याकडून ऑनलाइन 'फर्स्ट एडिशन' म्हणून नव्वदीतली एक गाजलेली कादंबरी घेतली, पैसे बऱ्यापैकी मोजले. घरी येऊन जॅकेटाची आतली घडी उघडली तर किंमतच छापलेली नाही. मागच्या पुठ्ठ्यावर उजव्या कोपऱ्यात खाली बोट फिरवलं तर एक बारीक गोल खळगा लागला. म्हणजे बुक क्लबची, सभासदांसाठी स्वस्तात छापलेली प्रत, जुन्या बाजारात हिला कुत्रं विचारत नाही. विक्रेता म्हणे, "पण आत फर्स्ट एडिशन लिहिलंय ना?" पैसे गेले ते गेले.

पण मजकूर तोच होता हो, शब्दन् शब्द. दोन रात्रीत वाचून काढली. एक खळगा मला एवढा का लागला, ह्याचं उत्तर मला अजून देता येत नाही.

माजघर

आपल्याकडे उलटाच न्याय आहे! अमेरिकेत 'पहिली' म्हटलं की भाव चढतो. आपला प्रकाशक मुखपृष्ठावर 'नववी आवृत्ती' मिरवतो आणि आपणही म्हणतो, वा, खपतंय. पहिलीच आवृत्ती दहा वर्षं दुकानात दिसली तर लेखकाची कीव येते.

शिवाय आमच्या आईनं घरातल्या प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर घातलं, पहिल्या पानावर नाव-तारीख घातली आणि 'हे पुस्तक हरवल्यास' वगैरे. कोलटकरांची 'जेजुरी', क्लिअरिंग हाउसची, १९७६ची. कवींनीच मिळून चालवलेलं मुंबईतलं प्रकाशन ते, तुमच्या ब्लॅक स्पॅरोपेक्षाही लहान. एडिसनकरांच्या नियमानं आईनं तिची माती केली. पण कव्हर काढलं तर आतलं मुखपृष्ठ परवा आणल्यासारखं.

एडिसनकर

ग्रंथपालसाहेब, ठरवून केलेली टंचाई मान्य. क्रमांकाऐवजी ए ते झेड अक्षरं घालून काढलेल्या सव्वीस प्रती हा मलाही आता चाळा वाटतो. तिरकस, माझ्या खरेदीतलं लेखकाला काही गेलं नाही हेही खरं. पण जुन्या प्रतीला पुढे भाव येतो ह्या भरवशावरच तर मार्टिनच्या नव्या महाग प्रती विकल्या जायच्या. मागचा बाजार बंद केलात तर पुढचाही बसेल. सिटी लाइट्सला पुस्तकांचं दुकान होतं, ते रोज गल्ला भरत होतं. मार्टिनकडे दुकान नव्हतं, गिऱ्हाइकांच्या पत्त्यांची यादी होती.

माजघर, ती 'जेजुरी' विकणार का?

माजघर

नाही. पण वाचायला देईन. आणि तुमची बुकोव्स्की?

एडिसनकर

कागदी बांधणीची देतो. फक्त खाकी कव्हर घालू नका.

माजघर

पेन्सिलीनं खुणा?

एडिसनकर

अजिबात नाही.

तिरकस

बघा!