जेथ्रो टल, दहा 'थक्क करणाऱ्या' गोष्टी आणि माझा वैताग

बी_साइड
कालच्या धाग्यावर प्रतिसाद द्यायला बसलो, तो एवढा लांबला की वेगळा धागाच काढतोय. 'जेथ्रो टल : थक्क करणाऱ्या दहा गोष्टी'. काय तर म्हणे, या ब्रिटिश रॉक बँडचा गायक आणि फ्लूटवाला इअन अँडरसन साल्मन माशांची शेती करायचा. एका पायावर उभा राहून फ्लूट वाजवतो. १९६८च्या पहिल्या सिंगलवर बँडचं नाव 'जेथ्रो टो' असं छापलं गेलं. हेवी मेटल बँड ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी थोडे दिवस यांच्यात होता. आणि ते ग्रॅमी तर आलंच. १९८९ साली हार्ड रॉक-मेटलचं पहिलंवहिलं ग्रॅमी मेटॅलिका या मेटल बँडऐवजी यांना मिळालं, ह्यॅ ह्यॅ ह्यॅ.

दहा गोष्टींत एक सूर नाही! 'थिक अॅज अ ब्रिक' (१९७२) हे जवळजवळ पाऊण तासाचं एकच गाणं आहे, रेकॉर्ड उलटावी लागते म्हणून तेवढं मध्ये तुटलेलं. आधीच्या 'अॅक्वालंग' अल्बमला समीक्षक कॉन्सेप्ट अल्बम (सगळी गाणी एकाच कल्पनेभोवती) म्हणायला लागले, म्हणून वैतागून केलेली ही थट्टा. कव्हरच्या जागी बारा पानांचं खोटं वर्तमानपत्र. यानं थक्क होत नाही, आणि माशांनी होता?

ठाणे_स्लो
दादा, एवढं मनाला लावून घेऊ नका. मी हा बँड ऐकला तो आयोमीच्या किश्श्यामुळेच. सॅबथचा माणूस कुठं गेला होता बघू, म्हणून गेलो आणि तिथंच राहिलो. सगळ्यांच्याच घरी थोरल्या भावाच्या कॅसेटी नव्हत्या.

बी_साइड
माझ्याही घरी नव्हत्या. मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर घेतलेली एक होती, तीही कुणीतरी टेप केलेली, वर नाव नाही. दोन वर्षं मला बँडचं नावच ठाऊक नव्हतं. किस्से नसताना ऐकलं म्हणून मेलो नाही.

काळा_टीशर्ट
ग्रॅमीवर हसू नका. त्या रात्री बँड तिथं हजरही नव्हता, कारण जिंकणार नाही हे त्यांच्याच कंपनीला वाटत होतं. नंतर कंपनीनं जाहिरात काय दिली, तर फ्लूट हे हेवी मेटल वाद्य आहे! १९९२ला मेटॅलिकाच्या लार्स उलरिकनं ग्रॅमी घेताना जेथ्रो टलचे आभार मानले, की यंदा अल्बम काढला नाहीत. पस्तीस वर्षं झाली, जखम ओलीच आहे.

बी_साइड
बघा. बाखची ल्यूट या तंतुवाद्यासाठी लिहिलेली रचना फ्लूटवर घेऊन १९६९मध्ये या पोरांनी जॅझच्या झोकात वाजवली, त्यावर कुणी बोललं का? नाही. ग्रॅमी.

कोरडवाहू
मला गाण्यातलं कळत नाही. पण त्या यादीत पहिलंच वाक्य होतं, 'बँडचं नाव पेरणी यंत्राचा शोध लावणाऱ्या इंग्रज शेतकऱ्यावरून'. शोध? आमच्या आज्याचा आजा तिफण, म्हणजे बैलांचं पेरणीचं अवजार, चालवत होता. १७०१ साली या साहेबानं यंत्र केलं, आणि १७९५ला हॅलकॉट नावाचा त्यांचाच कॅप्टन दक्षिण हिंदुस्थानातून लंडनला कळवतो की इथले शेतकरी पाभरीसारख्या अवजारानं ओळीत पेरतात, मला तर हा युरोपचा नवा शोध वाटला होता. इतिहासकार धरमपालांनी ते कागद छापलेत. वाचा.

ठाणे_स्लो
आलं का व्हॉट्सअॅप विद्यापीठ. आता विमानही आपणच का?

कोरडवाहू
विमानाचं नाव मी काढलं का? तुम्ही कधी तिफणीच्या चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाडग्यावर, मूठ धरलीय? माझी आई धरायची. बैल चालतात त्या चालीनं मुठीतून दाणे सोडायचे, तिन्ही नळ्यांत सारखे. मूठ जरा सैल झाली की ओळ दाट येते आणि महिनाभर विरळणी करत बसा. दोन एकर झाल्यावर तिची बोटं मिटायची नाहीत. आणि शोध कुणाचा, तर टल साहेबांचा.

ठाणे_स्लो
आईंबद्दल आदर आहे. पण तुम्हीच उत्तर दिलंत. तुमच्याकडं बियाणं मोजते ती मूठ. टलच्या यंत्रात फिरत्या भागातल्या खाचा मोजतात. नवीन ते तेवढंच. ओळीत पेरणं चीनमध्ये त्याच्या कितीतरी शतकं आधी होतं, तेव्हा आपणही पहिले नव्हे.

कोरडवाहू
बरं. खाचा साहेबाच्या. पण मग यादीत 'खाचांचा शोध' लिहा, 'पेरणीचा' नको. एवढंच म्हणणं होतं, त्याला विमान कशाला आणलंत?

खाडिलकर_रोड
अवांतर थांबवा, नाहीतर वेगळा धागा काढा. माझा मुद्दा बी_साइड यांच्यासाठी. २००८ला मुंबईत जेथ्रो टल आणि अनुष्का शंकर यांचा कार्यक्रम २९ नोव्हेंबरला होता. तिकीट पाकिटात होतं. २६ला काय झालं ते सांगायला नको. कार्यक्रम पुढं गेला आणि ५ डिसेंबरला पीडितांच्या मदतीसाठी झाला. घरून विरोध होता, बायको बोलत नव्हती, तरी गेलो. तेव्हा काय वाजलं ते आज धड आठवत नाही. ते लोक थांबले आणि वाजवलं, एवढं आठवतं. ही 'सूर नसलेली' गोष्टच आहे ना? टाकायची की ठेवायची?

बी_साइड
…ठेवायची. पण ही त्या यादीत नव्हती, हेही नोंदवून ठेवा.

काळा_टीशर्ट
म्हणजे यादी चालते, फक्त तुमच्या पसंतीची. बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत).

बी_साइड
म्हणा काय म्हणायचं ते. मुळात त्या नावाशी बँडचा संबंध तरी काय? क्लबांत दुसऱ्यांदा बोलवावं म्हणून ही मंडळी सतत नाव बदलायची. एजंटच्या ऑफिसातल्या इतिहासवेड्या माणसानं हे सुचवलं, नेमकं त्याच नावावर पुन्हा बोलावणं आलं, म्हणून ते टिकलं. पाभर आणि फ्लूट, अर्थाअर्थी संबंध नाही.

कोरडवाहू
आहे की. तुमच्यासाठी काल रात्री बसून वाचलं. टल साहेबाला ऑर्गन वाजवायचा नाद होता. ऑर्गनच्या आत ती खाच, जीभ आणि स्प्रिंग असते ना, त्यावरूनच त्याला बियाणं सोडायची युक्ती सुचली. त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. म्हणजे तुमचं पेरणी यंत्र निघालं बाजाच्या पोटातून.

बी_साइड
हे मला पंचवीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. छे. अकरावी गोष्ट म्हणून त्या यादीखाली चिकटवतो, आणि कुणी हसलात तर बघा.

काळा_टीशर्ट
ह्यॅ ह्यॅ ह्यॅ.

कोरडवाहू
आणि पाभर नव्हे, आमच्याकडं तिफणच म्हणतात. तीन फण असतात.