अनुभव धागा: आपली ठाणे खाडी, तिवरं आणि फ्लेमिंगो

ऐरोलीत राहून सात वर्षं झाली, पण खाडी फक्त मुलुंडच्या पुलावरून पाहिलेली. परवा पहिल्यांदा बोटीने गेलो. पाणी चढत होतं. उरलेल्या चिखलावर शेकडो फ्लेमिंगो माना खाली घालून, चोच उलटी धरून चरत होते. बोटीचं इंजिन बंद झालं आणि त्यांची कुजबुज पाण्यावरून ऐकू आली. २०१५ पासून हे १,६९० हेक्टरांचं अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळही (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). तुम्ही इथे काय पाहिलंत? सविस्तर लिहा.

दिवाळेकरीण
आम्ही खाडीतच वाढलो. बाबा ओहोटीला निवट्या (चिखलात बिळं करून राहणारे मासे) धरायला न्यायचे. पाय गुडघ्यापर्यंत रुततो, ओढाताण केली की आणखी आत जातो. निवटीच्या बिळाला दोन तोंडं असली तर एकावर टाच दाबायची, दुसऱ्यात हात घालायचा. हाताला गार, बुळबुळीत काहीतरी लागलं की काळजात धस्स व्हायचं! तिवराची चिखलातून वर आलेली खुंट्यांसारखी मुळं चुकवत चालायचं. बाबा ओरडायचे, "झाराचं नाक हाय त्यो, पाय नको देऊ!" झाड त्यातूनच श्वास घेतं, हे शाळेत नंतर शिकले.

आईची डायरी
थव्यातले राखाडी पक्षी बघून लेक रडवेली झाली, "आजारी आहेत का गं?" ती पिल्लं होती. शेवाळ आणि बारीक जीव खाऊन हळूहळू गुलाबी होतात.

नेरूळचा
आमच्याजवळच्या पाणथळीत भरतीचं पाणी येण्याची वाट बुजली. पाणी कुजलं, वर हिरवट थर साचला. रोज सकाळी दुर्बीण घेऊन जायचो आणि पक्ष्यांविना रिकाम्या तळ्याकडे बघून परत यायचो. फार जीव तुटला. अभयारण्याच्या हद्दीबाहेरची ही तळीही जपायलाच हवीत. खाडीत भरती आली की पक्षी टेकणार कुठे?

खारघरवासी
पहाटे तिवरांच्या कडेला कोल्हा दिसला. दोन मिनिटं माझ्याकडे बघत उभा होता.

धागाकर्ता
दिवाळेकरीण ताई, बाबांच्या लहानपणीही फ्लेमिंगो यायचे का?

दिवाळेकरीण
आत्ताच विचारलं. म्हणाले, "माझ्या लग्नाला नव्हते. तू शाळेत जाया लागलीस, तवा दिसाया लागले."